विश्लेषण : वादळात मोबाइल बंद पडला, तर वायरलेस तरी टिकेल का?

मे महिन्याचा उत्तरार्ध सुरू झाला की बुलढाणा जिल्ह्यात दुपारनंतर ढग भरून येतात. सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात आणि वीजपुरवठा खंडित होतो. काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात व रेंजही जाते. अशा वेळी पोलीस, वन विभाग, रेल्वे आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेची भिस्त बिनतारी संचांवर असते. मात्र ज्या वादळात मोबाइल बंद पडतो, तेच वादळ हे संचही जाळू शकते. संच नेमके का जळतात, त्यांत खरखर कुठून येते आणि उपाय काय, याचा हा आढावा.

बिनतारी संच इतका नाजूक का?

बोलणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे हा संच एकाच अँटेनावर करतो. गाडीत बसवलेला २५ वॅटचा संच बोलताना अँटेनाकडे सुमारे ३५ व्होल्टचा संकेत पाठवतो. ऐकताना मात्र तो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही क्षीण संकेत टिपतो. या दोहोंतील फरक १४ कोटी पटींच्या घरात जातो. बटण दाबताच अँटेना एका मंडलाकडून दुसऱ्याकडे वळवणारा स्विच आणि जादा दाब आला तर तो रोखणारे डायोड, एवढ्याच आधारावर ऐकणारा भाग सुरक्षित असतो. हे डायोड शेजारच्या संचाचा जोरदार संकेत सोसतात. विजेचा आघात सोसण्यासाठी ते बनवलेलेच नसतात. अँटेना सुटलेली असताना बटण दाबले, तर बाहेर जाणारी ऊर्जा उलटी फिरते आणि पाठवणाऱ्या भागातील ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

वीज थेट पडली नाही, तरी संच कसा जळतो?

काहीशे मीटरवर वीज पडली तरी अँटेनाची केबल, वीजवाहिनी आणि दूरध्वनीची तार यांत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. मनोऱ्यावरच वीज पडली तर हिशेब आणखी भयंकर असतो. विजेच्या एका लोळाचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअर असतो. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर मनोऱ्याचा पाया क्षणभर ३ लाख व्होल्टवर जातो. त्याच वेळी संच ज्या प्लगवर आहे, त्याची अर्थिंग वेगळी आणि दूर असेल तर ती शून्याच्या जवळच राहते. या दोहोंमधील दुवा म्हणजे टेबलावरचा संच. संपूर्ण फरक त्याच्या अंगावर येतो. त्यामुळे अर्थिंग एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, हे त्या किती आहेत यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

बुलढाण्याची अडचण वेगळी का?

जिल्ह्यातील माणूस ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे दोन भाग मानतो. अर्थिंगचेही तसेच आहे. घाटावर बुलढाणा, चिखली भागांत थोड्या मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. त्यात रोध मुळातच जास्त. त्यातही मे महिन्यात जमीन वर्षभरातील सर्वांत कोरडी असते. म्हणजे मान्सूनपूर्व विजा नेमक्या अशा वेळी पडतात, जेव्हा अर्थिंग सर्वांत कमकुवत असते. घाटाखाली पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात उलट अडचण आहे. खारट जमीन वीज चांगली वाहून नेते, पण जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणि त्याचे जोड ती गंजवते. वरून ठीक दिसणारी अर्थिंग आत तुटलेली असू शकते. जुलै २०२३ मध्ये याच भागातील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना अतिवृष्टी आणि पुराचा तडाखा बसला होता. संपर्काची खरी गरज अशाच दिवशी असते.

खरखर कुठून येते?

संच जळला तर लगेच कळते. खरखर वाढली, तर संच चालू असूनही दूरचा आवाज ऐकू येत नाही आणि दोष ‘रेंज नाही’ म्हणून खपून जातो. तडा गेलेले इन्सुलेटर, स्वस्त एलईडी दिव्यांतील सर्किट, मोबाइल चार्जर, सौर पंपांचे कंट्रोलर ही याची नेहमीची उगमस्थाने. जिथे वीज वेगाने चालू-बंद केली जाते आणि फिल्टर कमी दर्जाचा असतो, तिथून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गावर २५ हजार व्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफ उडाला की ठिणगी पडते, तीही ऐकू येते. टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा कॉलर लावलेला वाघ २०१९ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. अशा कॉलरचा क्षीण संकेत हातातील अँटेनाने शोधायचा, तर आसपासचा गोंगाट कमी असावाच लागतो.

पुणे-नाशिक रेल्वेचा येथे काय संबंध?

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. परिसरात रेडिओ गोंगाट कमी असणे, हे जागा निवडण्यामागचे एक कारण होते. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग या दुर्बिणीजवळून जात असल्याने आक्षेप आला आणि शिर्डीमार्गे पर्यायी आखणी पुढे आली. दुर्बिणीसाठी रेल्वेचा मार्ग बदलता येतो. तालुक्याच्या पोलीस ठाण्यासाठी कोणी तो बदलणार नाही. तिथे संरक्षण संचाजवळच करावे लागते.

उपाय कोणते?

घरगुती हौशी रेडिओचालकाला पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर इशारा मिळताच अँटेना काढून ठेवता येते. नियंत्रण कक्षाला ती मुभा नाही; त्याला वादळातच बोलायचे असते. त्यामुळे अँटेनाची केबल इमारतीत शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर, वीजपुरवठ्यावर सर्ज रोखणारे साधन आणि मनोरा, केबल, वीज यांची एकत्र जोडलेली अर्थिंग ही तीन कामे अटळ आहेत. आयएस ३०४३ आणि आयएस/आयईसी ६२३०५ या मानकांत अर्थिंग व वीजसंरक्षणाचे नियम दिलेले आहेत. गाडीत संचाची तार थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार सुटली तर अल्टरनेटरचा दाब १०० व्होल्टपर्यंत उसळू शकतो, म्हणून दाब रोखणारा डायोडही हवा. खरखरीसाठी तारांवर फेराइटचे कडे उपयोगी पडते. ती दिवसाच येत असेल तर संशय सौर कंट्रोलरवर, दिवे लागल्यावर येत असेल तर एलईडीवर घ्यावा.

खरा प्रश्न कोणता?

यातील बहुतेक साधने संचाच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. अडचण अशी की संच खरेदी एकदाच होते, तर संरक्षण दरवर्षी तपासावे लागते. विजेचे धक्के सोसून अरेस्टर निकामी होतो, पण बाहेरून तसाच दिसतो. अर्थिंगचा रोध पावसाळ्यात मोजला तर समाधानकारक आकडा येतो आणि मे महिन्याचे वास्तव झाकले जाते. त्यामुळे मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकीत ‘संच किती?’ यासोबत ‘अर्थिंग एप्रिल-मेमध्ये मोजली का, आकडा किती आला?’ हा प्रश्नही विचारला जायला हवा.