मुक्काम कलकत्ता, चित्त पुण्यात

‘कोठूनही काम करा आणि आत्मविकास साधा’ हा मंत्र हल्ली आपल्या नोकरदार वर्गाच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. २०२० च्या टाळेबंदीत सरकारी फायलीसुद्धा ई-ऑफिसच्या सोयीने घरबसल्या पुढे सरकू लागल्या. तेव्हापासून आम्हां केंद्र सरकारी कारकुनांनाही त्याची भुरळ पडली आहे. ज्यांचे वृद्ध आईवडील गावी एकटे आहेत, त्यांना ही सोय मिळाली तर कोणाही सहृदय माणसाला आनंदच होईल. आमचा आक्षेप आहे तो मंत्राच्या उत्तरार्धास. कोणतेही गाव चालेल असे ज्यास वाटते, त्याला कोणते गाव काय शिकवणार?

सत्येंद्रनाथ ठाकुर हे पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी. या बंगाली गृहस्थाची सारी नोकरी मुंबई इलाख्यात बदल्यांवर गेली. १८९७ साली ते साताऱ्याहून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. कोर्टापुते मराठी त्यांना पुरले असते. तुकोबांपर्यंत जाण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. तरी ते गेले आणि अभंग बंगालीत घेऊन आले. उलट दिशेचे उदाहरण सखाराम गणेश देउस्करांचे. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातला हा पुरुष. त्याने १९०४ साली ‘देशेर कथा’ बंगालीत लिहिली, आणि ती सरकारला इतकी झोंबली की १९१० मध्ये तिच्यावर बंदी आली.

आता आमच्याकडे पाहा. बिनय-बादल-दिनेश बागेतील कचेरीतून सुटलेला आमचा बांधव संध्याकाळी मोबाइलवर पुण्यातच राहावयास जातो. व्यक्तिमत्त्वविकासाचा वर्गही तेथेच, पैसे मोजून! तीन वर्षे झाली तरी बसवरची बंगाली पाटी त्याला वाचता येत नाही. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, निराळे आहेत ते अक्षरांचे आकार, महिन्याभराचे काम. परंतु ‘बदली काय, आज ना उद्या होणारच’ हे उत्तर तयार असते. रजा-प्रवास सवलतीच्या अर्जात मूळ गाव लिहिले की सगळा जिव्हाळा तेथे खर्ची पडतो. आणि हेच गृहस्थ मग बंगाली लोक आपल्यात मिसळत नाहीत अशी तक्रार करतात!

१७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांना भिऊन कलकत्तेकरांनी खंदक खणावयास घेतला. त्या मराठा खंदकाच्या नावाची गल्ली बागबाजारात आजही आहे, आणि ‘बर्गी’ अद्याप बंगाली अंगाईगीतात आहेत. त्या स्वारांना इथली भाषा नको होती, चौथाई हवी होती. आम्ही पगार आणि घरभाडे-भत्ता घेतो, एवढाच काय तो फरक. शिवाय आमचे नाव एखाद्या गल्लीलाही लागावयाचे नाही.

बदलीच्या हुकमाची वाट पाहणाऱ्या बंधुभगिनींनी तो येईतो ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या ‘वर्णपरिचया’चा पहिला भाग तरी घरात आणावा. १८५५ सालचे हे बालपुस्तक कॉलेज स्ट्रीटवर अजून मिळते. मुलांसाठी म्हणून घेतले तरी चालेल.