खुंजा हुमायूंला पुसणारे हात

लिओनार्दो दा विंचीने तरुणपणी फ्लोरेन्सच्या जिनेव्रा दे बेंचीचे चित्र रंगवले. तिच्या डोक्यामागे जुनिपरचे काटेरी झाड आहे. झाडाच्या इटालियन नावात तिच्या नावाचा श्लेष आहे आणि ते झाड स्त्रीच्या शीलाची खूणही मानले जाई. आपले कलारसिक हे सारे कौतुकाने समजावतात. समजवावेच. मग पुण्यात आल्यावर हीच नजर मंद का होते?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित आहे. आफताबी या कवीचे फारसी काव्य. स्तुती अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची, आणि तितक्याच मोकळेपणाने त्याची बेगम खुंजा हुमायूं हिची. ही चांदबिबीची आई. यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. संस्कृत कवींचा हा ‘दोहद’; आपले ‘डोहाळे’ त्याच शब्दातून आले. ग्रंथ फारसी, दरबार मुसलमानी आणि स्त्रीच्या गुणांची खूण डोहाळ्यांची! याला ‘मुघल शैली’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी निदान सन पाहावा. काव्यात 1565 च्या तालिकोटच्या लढाईचे वर्णन आहे. तेव्हा मुघल दख्खनेत होतेच कुठे?

‘परकी कला’ हा शब्द तर आम्हा पाथरीकरांपुढे कुणी काढूच नये. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फरिश्ता लिहितो. याच गावासाठी बुऱ्हाण निजामशाह वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला.

पण आपल्या लोकांचे काय? चित्र म्हटले की हराम, तख्तावरची बाई म्हटली की बेपर्दा. म्हणजे परके ठरवणारे आणि नाकारणारे, दोघांनाही ती नको.

नवऱ्यामागे तिने मुलगा मुर्तझाच्या नावाने राज्य चालवले. 1569 मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. चित्रांत ती राजाच्या शेजारी बसली होती. आज बहुतेक पानांवर तिची आकृती नाहीशी केलेली दिसते. राजा आहे, तख्त आहे, बाजूला डाग. हे काम तिच्या कैदेनंतरचे असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. जिनेव्राच्या चित्रात लिओनार्दोने ओला रंग बोटांनी पसरून छटा मऊ केल्या. ते ठसे अजून दिसतात आणि त्यावर लेख लिहिले जातात. खुंजा हुमायूंवर फिरलेला हातही तितक्याच बारकाईने वाचायला हवा. अहमदनगरच्या चित्रकलेवर बोलणाऱ्याने सोनेरी आभाळाचे गोडवे जरूर गावेत, पण आधी त्या डागावर बोट ठेवावे आणि तिथे बसलेल्या बाईचे नाव सांगावे.