खासदाराच्या मताचा हिशेब

नांदेड-लातूरकडे खासदाराचे मोजमाप ठरलेले आहे. रेल्वे किती आणल्या, निधी कुठल्या गावाला दिला, लग्नाला-मयतीला आला का, फोन उचलला का. पाच वर्षांत कोणत्या विधेयकाला त्याने होकार दिला आणि कोणत्याला नकार, हे प्रचारसभेत कोणी विचारत नाही. विचारलेच तर जाणती माणसे तीन उत्तरे देतात. एक, पक्षादेशापुढे खासदाराच्या मताला किंमत नाही. दोन, लोकांना कामे हवीत, सभागृहातले हात वर करणे नको. तीन, राज्यसभेचे खासदार तर आपण निवडूनच देत नाही, मग त्यांना काय विचारायचे? ही तिन्ही उत्तरे मला अमान्य आहेत आणि त्यांनी आपल्या भागाचे नुकसान केले आहे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी धोक्यात आली. पण त्याच परिशिष्टात पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तर सदस्यत्व टिकते, अशीही तरतूद आहे. म्हणजे मतभेदाची वाट कायद्याने अरुंद केली, बुजवलेली नाही. शिवाय पक्षाच्या सांगण्यावरून दिलेले मतही खासदाराच्याच नावावर जमा होते. पक्षाने सांगितले म्हणून केले, ही सबब मतदाराने का ऐकून घ्यावी? उमेदवारी पक्षाची असली तरी मते आपली असतात.

आपल्याकडे तर पक्षाच्या नावावरून काहीच कळेनासे झाले आहे. अशोक चव्हाण 2014 मध्ये काँग्रेसचे खासदार म्हणून नांदेडमधून लोकसभेत गेले. 2019 मध्ये भाजपच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांनी त्यांचा पराभव केला. फेब्रुवारी 2024 मध्ये चव्हाण भाजपमध्ये आले आणि त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेले. चिखलीकर त्या वर्षीच्या लोकसभेत हरले आणि पुढे राष्ट्रवादीतून लोह्याचे आमदार झाले. पक्ष बदलणे हा त्यांचा प्रश्न आहे. पण ज्या कायद्याला काल विरोध केला त्यावर आज भूमिका काय, हे मतदाराला कशावरून कळावे? झेंडा बदलतो, जाहीरनामा बदलतो. सभागृहातल्या मताची नोंद तेवढी बदलता येत नाही.

अशी नोंद असली की काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेने महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केली. विरोधातल्या त्या दोघांपैकी एक औरंगाबाद मतदारसंघाचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील होते, दुसरे असदुद्दीन ओवैसी. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण. ते कारण पटो न पटो, औरंगाबादच्या मतदाराला आपल्या खासदाराने काय केले हे पक्के ठाऊक झाले. कोणी त्यासाठी त्यांना मत दिले असेल, कोणी त्यासाठीच नाकारले असेल. दोघांनाही निर्णयाला आधार मिळाला. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते आणि त्यासाठी मते मोजावीच लागतात, म्हणून हे शक्य झाले.

आता दुसरा आक्षेप, कामांचा. लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला विचारा की बाजार समितीबाहेरच्या खरेदीचा कायदा हे त्याच्यासाठी काम आहे की नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तीन कृषी विधेयके संसदेत आली. तेव्हा नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी भाजपचे खासदार होते. 20 सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपल्या जागेवर नाहीत, असे कारण उपसभापती हरिवंश यांनी दिले आणि आवाजी मतदानाने त्यांपैकी दोन विधेयके मंजूर झाली. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजानेच, रद्द झाले. येताना आवाज, जाताना आवाज. शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीवर एवढा मोठा निर्णय दोनदा झाला आणि आपल्या माणसाचे नाव कुठल्याच बाजूला लिहिले गेले नाही.

ते कायदे चांगले होते असे मानणारे शेतकरी आपल्या भागात आहेत, घातक होते असे मानणारेही आहेत. दोघांचीही सारखीच फसगत झाली. समर्थकाला विचारता येत नाही की रद्द करताना तुम्ही गप्प का बसलात, आणि विरोधकाला विचारता येत नाही की आणताना होकार का दिलात. सभामंडप आणि हायमास्ट दिवे ही कामे आहेतच. पण मालाची आयात-निर्यात, विमा, हमीभाव, बाजार हे सगळे दिल्लीत ठरते. ते ठरवणाऱ्याचा हिशेब मागितला नाही, तर गावातल्या दिव्याखाली उभे राहून आपण तोट्याचाच हिशेब करत बसू.

तिसरा आक्षेप राज्यसभेबद्दलचा. इथे लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकरांची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवू. 1980 ते 1999 या काळात ते लातूरमधून लागोपाठ सात वेळा लोकसभेवर निवडून आले. 2004 मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवले. तरीही ते केंद्रात गृहमंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले. मागच्या दाराने आले, अशी टीका तेव्हा झाली. ती मला अपुरी वाटते. राज्यघटनेने दोन सभागृहे ठेवली आहेत आणि दोन्हींतून मंत्री होता येते. विचारायचे ते हे, की आत जाऊन त्यांनी काय केले. 1993 च्या किल्लारी भूकंपाने हजारो माणसे गाडली गेलेली या जिल्ह्याने पाहिली. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा चाकूरकरांच्याच गृहमंत्रीपदाच्या काळात झाला. मग राज्यसभेतल्या माणसाच्या कामाशी लातूरचा संबंध नाही, असे कसे म्हणता येईल? आणि राज्यसभेवर पाठवणारे आमदार तरी कोणाच्या मतांवर आले? 2003 च्या दुरुस्तीपासून आमदार आपली राज्यसभेची मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. पक्षाला दाखवायला लाज नाही, तर मतदाराला सांगायला कसली?

नावानिशी मते आणि सैल पक्षादेश म्हणजे खासदारांचा बाजार भरेल, ही भीतीही दाखवली जाते. ती इतिहासाशी ताडून पाहू. 28 जुलै 1993 रोजी नरसिंह रावांचे सरकार अविश्वास ठरावातून 251 विरुद्ध 265 असे तरले. लोकसभेच्या अध्यक्षपदी तेव्हा चाकूरकर होते. समसमान मते पडल्याशिवाय अध्यक्षाला मत नसते. नांदेडचे शंकरराव चव्हाण गृहमंत्री होते, पण राज्यसभेचे सदस्य असल्याने तेही मत देऊ शकत नव्हते. त्या दिवशी मराठवाड्याच्या या दोन मोठ्या नेत्यांचे मत मोजणीत नव्हते. याच मतदानासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचे प्रकरण पुढे गाजले. दहावे परिशिष्ट तेव्हा आठ वर्षांचे होते. पक्षादेशाने लाच थांबली नाही. मतासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, हे 4 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितले, तेव्हा कुठे ती पळवाट बुजली. लाचेवर इलाज फौजदारी कायद्याचा आहे. त्यासाठी प्रामाणिक खासदाराचे तोंड बांधायची गरज नाही.

मग हवे काय? प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावानिशी मतविभागणी व्हावी. बटणाची यंत्रे दोन्ही सभागृहांत बसवलेली आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेत उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागितले की नावानिशी मते नोंदवावीच लागतात, म्हणून तिथल्या सिनेटरची कारकीर्द मतदार मतामतातून वाचतो. दुसरे, अपात्रतेची शिक्षा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती राहावी. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने हेच सुचवले होते आणि 2010 मध्ये मनीष तिवारींनी पक्षादेश मर्यादित करणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले होते. सरकारे स्थिर राहतील आणि पीकविम्यावर मत देताना खासदाराला आपला मतदारसंघ आठवेल.

तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे, तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. मताची किंमत या भागाला शिकवायला नको. विलासराव देशमुख 1996 मध्ये विधान परिषदेची निवडणूक अर्ध्या मताने हरले, हे लातूर विसरलेले नाही. नोव्हेंबर 2024 च्या नांदेड पोटनिवडणुकीचा निकाल 1,457 मतांनी लागला. एवढ्या बारकाईने आपण आपली मते मोजतो, तर त्यांचीही मोजू. नांदेड-लातूरच्या दैनिकांनी प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या लोकसभा आणि राज्यसभा सदस्यांची मते, गैरहजेरीसकट, छापावीत. पुढच्या वेळी उमेदवार पारावर आला की रेल्वेबरोबर हाही प्रश्न विचारावा: आमच्या मालाच्या कायद्यावर तुम्ही मतविभागणी मागितली का, आणि मत कुठे टाकले?