यात्रेआधी बोला

जपानी मांगा कॉमिक्समधल्या प्रेमकथांत बालमैत्रिणीचं प्रेम बहुतेकदा मनातच राहतं. बाजी मारते वर्गात नवी आलेली मुलगी. मित्सुरु अदाची यांची ‘टच’ (१९८१-८६) हा सुखद अपवाद. आपल्याकडे सतीश राजवाडे यांच्या ‘ती सध्या काय करते’ने २०१७मध्ये मनात राहिलेल्या प्रेमाची हीच ठसठस पडद्यावर आणली. पण परांडा तालुक्यातल्या सोनारीत, एका आळीत वाढलेल्या पोरीशी पोरगं बोलणार कुठे? दहावीनंतर रस्त्यात दोन मिनिटं थांबलं तरी गावभर चर्चा. मग चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला ती सासरहून येते. कडेवरचं लेकरू माकडाला फुटाणे टाकण्यात दंग, आणि ती त्याला सांगते, ‘मामाला नमस्कार कर.’ खेळ खलास! नकार एकवेळ पचतो हो, हे ‘मामा’ नाही पचत. तेव्हा पोरांनो, काय ते आधीच बोलून टाका.