आवाज चढवला की भाषा कळते?

‘इंग्रजी आलं की जगात कुठं अडत नाही,’ हे आपण मुलांना किती वेळा ऐकवतो! मीही ऐकवायचे. २०१८च्या नोव्हेंबरात धाकट्या बहिणीकडे जर्मनीत, लाइपझिगला गेले आणि एका रविवारी माझं बी.ए.चं इंग्रजी पार उघडं पडलं.

बहीण तिथं नर्स आहे. ती ड्युटीवर, मेहुणे परगावी, घरात मी आणि दोन वर्षांची भाची. दुपारी पोरीचं अंग तापलं. इथून नेलेल्या थर्मामीटरवर पारा १०२. बहिणीचा फोन लागेना. तिकडे रविवारी दुकानं बंद. औषधांची दुकानं पाळीनं उघडी असतात आणि आज पाळी कुणाची, ते बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तो पत्ता कागदावर उतरवला, पोरीला शालीत गुंडाळून बाबागाडीत घातलं आणि रस्त्यात लोकांना कागद दाखवत पोचले.

दारातल्या छोट्या खिडकीतून साठीच्या एक बाई डोकावल्या. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं. जणू बाई बहिऱ्याच होत्या! ‘फीवर, हंड्रेड अँड टू!’ म्हटल्यावर तर त्या दचकल्याच. तिथं ताप सेल्सिअसमध्ये मोजतात. आपला १०२ म्हणजे त्यांचा जेमतेम ३९. शंभराच्या वर म्हणजे उकळतं पाणीच की!

आणि एकदम मला आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यातली औषधाची खिडकी आठवली. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेली, पावरी बोलणारी बाई तिथं उभी असते. तिला मराठी कळलं नाही की आपण काय करतो? आवाज चढवतो. वर तिलाच अडाणी ठरवतो. मी तिथं मदत करायला जाते, पण खरं सांगते, मीही आवाज चढवलाय. त्या दिवशी खिडकीच्या अलीकडे तिच्या जागी मी उभी होते.

मग मी गप्प झाले. कागदावर ‘पॅरासिटामॉल’ लिहिलं. हे नाव तिथंही तेच. पोरीकडे बोट केलं, वयासाठी दोन बोटं दाखवली, वजन आकड्यात लिहिलं. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी सिरप दिलं, मापावर खूण केली आणि किती तासांनी द्यायचं ते घड्याळाचं चित्र काढून समजावलं. वर पोरीच्या गालाला हात लावला, तो वेगळाच.

रात्री बहीण म्हणाली, ‘अगं ताई, हा पूर्वीचा पूर्व जर्मनी. १९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. त्याआधी इथं शाळेत इंग्रजी नाही, रशियन सक्तीचं होतं.’ म्हणजे बाई चांगल्या शिकलेल्या होत्या. परकी भाषाही शिकल्या असणार. फक्त ती माझी नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘गूटन टाग’, ‘बिटं’, ‘डांकं’ म्हणायला लागले. उच्चार चुकायचे, पण लोक हसून थांबायचे. आकड्यांत तर मराठीच कामाला आली. पंचवीस म्हणताना आपल्यासारखाच जर्मन माणूस पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, आपल्याला नाही!

लेकीसुनांकडे परदेशी निघालेल्या मैत्रिणींनो, राहत्या घराचा पत्ता तिथल्या भाषेत लिहून पर्समध्ये ठेवा. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव लिहा. मोबाइलमध्ये ती भाषा इंटरनेटशिवाय चालेल अशी आधीच उतरवून घ्या. माझं तेच राहून गेलं होतं. युरोपीय संघातल्या देशांत संकटात ११२ नंबर लावा. आणि ‘तुम्हाला इंग्रजी येतं का?’ हा प्रश्न तेवढा त्यांच्या भाषेत पाठ करा. परक्याच्या दारात आपण गेलोय, तर पहिलं पाऊल आपणच टाकायचं.

मुलांना इंग्रजी जरूर शिकवू या. पण समोरच्याला ते येत नसेल तर थांबायचं कसं, हेही शिकवू या. मी आता त्या सरकारी दवाखान्यात कागद-पेन्सिल घेऊनच बसते. आवाज चढायला लागला की घड्याळाचं चित्र काढते.