भीमाशंकरच्या धुक्यात कॅमेऱ्याची पारख

श्रावणातील सोमवारी भीमाशंकरच्या पायऱ्या उतरू लागले की दहा पावलांपुढचे काही दिसत नाही. दाट धुके, वरून संततधार, छत्र्यांची आणि रेनकोटांची दाटी, 'हर हर महादेव'चा गजर आणि या साऱ्यावर उंचावलेले शेकडो हात. एका हातात बेलपत्र, दुसऱ्या हातात मोबाईल. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस एकेकाळी यात्रेत वेगळा ओळखू येई. आता यात्रेकरू आणि छायाचित्रकार हा भेदच उरलेला नाही. घोडेगाव-मंचरकडचे शेतकरी कुटुंब असो वा पुण्यामुंबईचे नोकरदार, आईवडिलांना कळसाच्या पार्श्वभूमीवर उभे करून एक छायाचित्र घेतल्याखेरीज कोणाची यात्रा पुरी होत नाही.

हे छायाचित्र ज्या उपकरणाने घेतले जाते, त्याच्या खरेदीची कथा मात्र मोठी उद्बोधक असते. घरातील मुलगा किंवा मुलगी आठ-पंधरा दिवस इंटरनेटवरील परीक्षणे वाचण्यात आणि पाहण्यात घालवते. या कॅमेऱ्याची लेन्स कडेला मऊ पडते, त्याचा सेन्सर लहान, तिसऱ्याच्या चित्रात अंधारात दाणे उमटतात, चौथ्याचे रंग थोडे थंड. दोष वाचता वाचता अंदाजपत्रक वाढत जाते. पंधरा हजारांचे उपकरण घ्यायचे ठरलेले असते, ते तीस हजारांवर जाते. किंवा 'पुढचे मॉडेल येऊ द्या' म्हणत खरेदीच वर्षभर लांबते. त्या वर्षात आजोबांचे गुडघे आणखी दुखू लागतात आणि भीमाशंकरच्या पायऱ्या त्यांना उतरवेनाशा होतात. परीक्षणांतील टीका सामान्य कुटुंबाच्या कितपत कामाची, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

उपकरण घेण्यापूर्वी जाणत्याला विचारावे, ही रीत मुळीच नवी नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा त्यांनी 'बायस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांची गाठ घेतली. कॅबोर्न हे त्यांचे नाव. त्यांच्याच ओळखीने फाळक्यांनी हेपवर्थ यांचा चित्रपट-कारखाना पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते मायदेशी परतले. सल्ला परक्या देशातील जाणकाराचा होता. पुढची परीक्षा मात्र फाळक्यांनी स्वतःच्या घरात घेतली. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक चित्र घेत टिपली आणि तोच लघुपट दाखवून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्याच्या आधीची ही पायरी. हा कॅमेरा आपल्या कामाचा आहे की नाही, याचे उत्तर त्यांना वाटाण्याच्या रोपाने दिले.

आजच्या परीक्षणांची घडण वेगळी आहे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या पद्धतशीर परीक्षणाची परंपरा प्रामुख्याने 'डीपीरिव्ह्यू' या संकेतस्थळाने रुजवली. फिल आस्की यांनी ते १९९८ साली इंग्लंडमध्ये सुरू केले. २००७ साली ते ॲमेझॉनने घेतले. मार्च २०२३ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यामुळे ते वाचले. अशा परीक्षणांत एकाच तक्त्यावर, एकाच प्रकाशात प्रत्येक कॅमेऱ्याची चित्रे घेतली जातात आणि चित्राचा नखाएवढा तुकडा पडद्यावर मोठा करून तपासला जातो. हे काम कष्टाचे आहे आणि बहुतांशी प्रामाणिकपणे केले गेले आहे. त्यात सांगितलेला दोष सहसा खोटा नसतो. गफलत होते ती पुढे, त्या दोषाचे वजन करताना.

साधा हिशेब करून पाहावा. अल्बममध्ये लावण्याचे पाच बाय सात इंचांचे छायाचित्र उत्तम छापायचे, तर इंचाला ३०० ठिपके या मापाने १५०० गुणिले २१०० ठिपके लागतात. म्हणजे जेमतेम तीन मेगापिक्सेल. दिवाणखान्यात टांगण्याचे आठ बाय बाराचे चित्र नऊ मेगापिक्सेलच्या आत बसते. आज मध्यम किमतीच्या मोबाईलमध्येही बारा किंवा त्याहून अधिक मेगापिक्सेल असतात. शिवाय बहुतेक छायाचित्रे छापलीच जात नाहीत. ती व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांकडे जातात आणि जाताना आकुंचन पावतात. चार इंचांच्या रुंदीत पाहिल्या जाणाऱ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यातील पाने किंचित मऊ आहेत, हा दोष पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्या घरांत अजून आग्फा क्लिक-३ ने काढलेली कृष्णधवल छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका रोलमध्ये बारा चित्रे, प्रकाशासाठी ऊन आणि ढग अशा मोजक्या खुणा. आजच्या एखाद्या परीक्षकाने त्या कॅमेऱ्याला दहापैकी दोनच गुण दिले असते. तरीही मुंज, लग्न आणि पंढरीची वारी त्यानेच टिपली.

याचा अर्थ टीका निरर्थक असते असा नव्हे. भीमाशंकरचे अरण्य त्याबाबत चांगला परीक्षक आहे. १९८५ साली घोषित झालेल्या या सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या अभयारण्याची ओळख म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही तांबूस खार क्वचितच जमिनीवर उतरते. उंच झाडांच्या शेंड्यांतून झेपावत जाणाऱ्या शेकरूचे चित्र मोबाईलने काढले, तर पानांत एक तपकिरी ठिपका मिळतो. अशा कामासाठी अनेक हौशी निसर्गप्रेमींनी २०१५ साली आलेला निकॉनचा पी-९०० घेतला. ८३ पट ऑप्टिकल झूम, तोही एकाच न बदलणाऱ्या लेन्समध्ये. परीक्षकांनी त्यावर टीका केली ती लहान सेन्सरबद्दल आणि तो कच्च्या स्वरूपातील, म्हणजे 'रॉ' चित्र साठवत नाही याबद्दल. पहिला आक्षेप भीमाशंकरला अगदी खरा ठरतो. घनदाट छायेत झूम पुरता ताणला की लेन्समधून येणारा प्रकाश घटतो, लहान सेन्सरवर दाणे उमटतात आणि शेकरूचे झुपकेदार शेपूट पुसट होते. दुसरा आक्षेप मात्र बहुतेकांच्या कामाचा नव्हता. ज्यांना चित्र घरी नेऊन संगणकावर तासन्‌तास घडवायचे नाही, त्यांना कच्चे चित्र मिळाले काय अन्‌ न मिळाले काय! पक्षी ओळखण्यापुरता दिसला आणि मुलांना शेकरूचा डोळा पाहता आला, एवढ्याने त्या कॅमेऱ्याने आपले मोल फेडले. एकाच परीक्षणातील दोन आक्षेप. एक इथे लागू पडतो, दुसरा पडत नाही.

मंदिराच्या आवारातील घंटेचेही असेच. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाची आठवण सांगणारी ही पोर्तुगीज घंटा काळसर धातूची, तर तिच्यामागे पावसाळ्यात पांढरेशुभ्र धुके. तिच्यावरील अक्षरे टिपू पाहावीत तर धुके जळून पांढरे होते, धुके सांभाळावे तर घंटा काळा गोळा होते. उजेड आणि काळोख एकाच चित्रात सामावण्याच्या ज्या क्षमतेची परीक्षक सतत चर्चा करतात, ती येथे खरोखर उपयोगी पडते. मात्र आजचे मोबाईल तीन-चार चित्रे एकत्र करून हे काम बरेचसे आपोआप करतात. त्यासाठी स्वतंत्र लाखभर रुपये खर्चण्याचे कारण सामान्य यात्रेकरूला नाही.

खरी अडचण परीक्षणांत जे लिहिले जाते त्याहून जे लिहिलेच जात नाही त्यात आहे. कॅमेरा परीक्षकाच्या हाती बहुधा थोडेच दिवस असतो आणि त्यातील कित्येक परीक्षक कोरड्या, थंड हवेच्या देशांत राहतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस त्यांच्या तक्त्यात कोठून येणार? पावसाळाभर कातडी कव्हरात गुंडाळून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागते, दुकानदारांच्या भाषेत 'फंगस'. एकदा ती काचेच्या आत शिरली की साफसफाईचा खर्च आणि कधी कधी लेन्सवरील लेपाचे कायमचे नुकसान. (भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री चमकणारी बुरशी पाहायला लोक हौसेने जातात, ही दुसरी बुरशी मात्र घरीच भेटायला येते.) सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा हा येथील कॅमेऱ्याचा पहिला जोडीदार असायला हवा. परीक्षणात त्याचे नाव क्वचितच आढळते. तसेच वातानुकूलित गाडीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरते. पाच-दहा मिनिटे धीर धरला तर ते आपसूक जाते. अनेकजण मात्र कॅमेरा बिघडला म्हणून घाबरतात. 'पाण्यापासून सुरक्षित' या शब्दांबाबतही सावध राहिलेले बरे. ती चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात ठरावीक वेळ घेतलेली असते, आणि अनेक कंपन्यांच्या हमीपत्रात पाण्याने झालेले नुकसान वगळलेले असते. उपकरण बिघडले, तर कंपनीचे सेवाकेंद्र शोधायला भीमाशंकर परिसरातील माणसाला शंभर किलोमीटरहून दूर पुणे गाठावे लागते. किती परीक्षणे ही गोष्ट विचारात घेतात?

माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत तर मापदंडच परके होते. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र पाठवी. 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्रात गोऱ्या कातडीची स्त्री असे आणि रंगांची जुळवणी तिच्या वर्णावरून केली जाई. त्या मापात सावळे, काळे चेहरे काळवंडून जात, आणि कित्येक दशके त्यात कोणाला दोष दिसला नाही, कारण तपासणाऱ्यांचे चेहरे त्या मापात नीट बसत होते. डिजिटल युगातही हा प्रश्न संपला नाही. २०२१ साली गूगलने पिक्सेल ६ मोबाईल आणताना निरनिराळ्या वर्णांचे चेहरे खरे दिसावेत म्हणून 'रिअल टोन' नावाची सुधारणा मुद्दाम केली, यातच पूर्वीच्या उणिवेची कबुली आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक मोबाईलमध्ये तर चेहरा उजळ आणि गुळगुळीत करण्याची सोय असते, आणि ती चालू राहिली आहे हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. उन्हातान्हात राबलेल्या बापाच्या कपाळावरच्या रेषा पुसून त्याला पिठासारखा पांढरा करणारे यंत्र कोपऱ्यातील पाने कितीही रेखीव दाखवो, त्याचा काय उपयोग? हा आक्षेप घ्यायला तक्ता लागत नाही. दुकानात उभे राहून सोबतच्या माणसाचे एक चित्र काढले, की उत्तर मिळते.

तरीही सर्वच टीका बाजूला सारणे हाही भाबडेपणा ठरेल. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी-६०० च्या सेन्सरवर धुळीचे आणि तेलाचे डाग पडतात, अशी तक्रार ग्राहकांनी आणि परीक्षकांनी लावून धरली. २०१३ च्या आरंभी कंपनीला त्याची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी नवे शटर असलेला डी-६१० बाजारात आला आणि २०१४ मध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांना हमीची मुदत संपली असली तरी विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. हा डाग कोणत्याही आकाशाच्या चित्रात उघड दिसणारा होता. तो हौशी माणसालाही छळत होता आणि व्यावसायिकालाही. अशी टीका ग्राहकाचे रक्षण करते. नखाएवढा तुकडा मोठा केल्यावरच दिसणारा दोष आणि साध्या डोळ्यांना दिसणारा दोष यांत एवढे अंतर आहे.

परीक्षणामागील अर्थकारणही विसरता येत नाही. अनेक परीक्षकांना त्यांनी दिलेल्या दुव्यावरून झालेल्या विक्रीचा वाटा मिळतो. जुन्या मॉडेलवर समाधानी राहा असे सांगणाऱ्याला तो मिळण्याची शक्यता कमीच. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना जाहिरात ही जाहिरात म्हणून सांगण्याचे बंधन घातले. २०२२ च्या नोव्हेंबरात ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १९००० : २०२२' हे मानकही आले, ते ऐच्छिक म्हणून आले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकाला फसवणाऱ्याचे दुकान तरी डोळ्यांसमोर असे. आता विकणारा, सल्ला देणारा आणि दलाली घेणारा एकाच पडद्यावरून हसत बोलत असतो.

महागड्या मॉडेलसाठी खिशातून जाणाऱ्या त्या वाढीव पंधरा हजारांचे काय होऊ शकते, याचाही विचार कुटुंबांनी करावा. आज एकेका मोबाईलमध्ये पाच-सात हजार छायाचित्रे असतात आणि त्यांतले एकही छापलेले नसते. मोबाईल पायऱ्यांवर पडला, पाण्यात गेला किंवा चोरीस गेला की भीमाशंकरच्या धुक्यात कळसासमोर उभे असलेले आजोबाही त्याच्याबरोबर जातात. कमी किमतीचा कॅमेरा घेऊन उरलेल्या रकमेत चित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक हार्ड डिस्क येते, सिलिका जेलचा डबा येतो, गावातल्या स्टुडिओतून शंभर निवडक छायाचित्रे छापून अल्बम लावता येतो, आणि तरीही पुढच्या श्रावणातल्या गाडीभाड्यापुरते पैसे उरतात.