गप्प बसायची गंमत

मुलांनो, सहलीच्या गाडीत सगळ्यांत मोठा आवाज कशाचा असतो, सांगा बघू? इंजिनाचा? छे! गाण्याच्या भेंड्यांचा! आमची चौथीची सहल गेल्या जानेवारीत रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला निघाली, तीही अशीच घसे फोडत.

अलिबागहून दक्षिणेला निघालं, की रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव अशी गावं एकेक करून मागे पडतात. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि रान. मधल्या पट्टीत कौलारू घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या. मुरूड तसं शांत गाव. ज्यांच्या वाडीत आम्ही जेवलो, त्या काकांनी पोफळीची कोवळी रोपं दाखवली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा त्यांची निम्मी वाडी एका दुपारीत आडवी झाली होती. “नवी रोपं लावली. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. थांबायचं!” काका म्हणाले. तो ‘थांबायचं’ शब्द माझ्या लक्षात राहिला. का, ते पुढे कळेल.

पहिल्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा पाहिला. कलालबांगडी तोफ पाहिली. चारी बाजूंना खारं पाणी आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याचे तलाव! सगळे ‘अबब’ करत राहिले. शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला कांसा बेटावर बांधलेला पद्मदुर्गही लांबून दिसला. ‘शिवछत्रपती’ पुस्तकातली पानं जणू समुद्रावर उघडली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच फणसाड अभयारण्यात गेलो. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. इतरांना तिथं कुऱ्हाड चालवायला बंदी, म्हणून झाडं टिकली. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं आणि १९८६ मध्ये या रानाचं अभयारण्य झालं. आता शिकारीलाही बंदी. आमच्यातल्या एकानं लगेच विचारलं, “बाई, म्हणजे मारायला राखलेलं जंगल आता जगवायला राखलंय?” बघा, केवढा छान प्रश्न!

या रानातल्या पाणवठ्यांना तिथली माणसं ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. एका गाणीजवळ वनरक्षकदादांनी आम्हाला बसवलं आणि म्हणाले, “दहा मिनिटं अगदी गप्प. काय दिसतं ते बघा.”

दहा मिनिटं! दुसऱ्याच मिनिटाला कोणीतरी फिस्सकन हसलं. चौथ्या मिनिटाला चिवड्याची पुडी कुरकुरली. दहा मिनिटं संपली आणि एकच गलका, “बाई, काहीच नाही दिसलं!”

तेवढ्यात कोणीतरी माझा पदर ओढला. आमच्या वर्गातली एक मुलगी. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. वर्गात ती कधी हात वर करत नाही. विचारलं तरी खाली मान. तिनं नुसतं वर बोट दाखवलं.

उंच फांदीवर शेकरू! तांबूस-तपकिरी अंग, पोट फिकट, आणि खाली लोंबणारी झुबकेदार शेपटी. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

“तुला कसं गं दिसलं?”

“आधी काटक्यांचा गोळा दिसला, बाई. मला वाटलं घरटं असेल. मग तिकडंच बघत बसले. अजून दोन आहेत तसे.”

वनरक्षकदादा खूश झाले. म्हणाले, शेकरू एकाहून जास्त घरटी बांधतं, तीही बारीक फांद्यांवर, शत्रूला पोचता येऊ नये म्हणून.

“अगं, मग आधी का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “तुम्हीच गप्प बसायला सांगितलं होतं ना, बाई.”

सगळे हसले. मीही हसले. पण मनात चर्र झालं. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहिलं होतं, ‘वर्गात बोलत नाही. लक्ष कमी.’

परतताना दादांनी गारंबीचा जाड वेल दाखवला. हातभर लांबीची शेंग वर लटकत होती. एक फुटकी शेंग खाली पडलेली. आत चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया. अभयारण्यातून काही न्यायचं नसतं, म्हणून पाहून तिथंच ठेवल्या. संध्याकाळी मुरूडच्या वाळूत सगळे किल्ले करत होते. ती मुलगी भरतीच्या रेषेवरून चालत आली आणि तिनं मूठ उघडली. तश्शीच बी!

“ओढ्यातून आली असेल का, बाई?”

आली असेलच! गारंबीची बी पाण्यावर तरंगते. ओढ्यातून समुद्रात आणि समुद्रातून दूरच्या किनाऱ्यांवरही जाते. सकाळचं रान आणि संध्याकाळचा समुद्र त्या मुलीनं एका बीनं जोडले होते.

घरी आल्यावर मी काय केलं? तिच्या आईला भेटून ‘माझं चुकलं’ असं सांगितलं. दुसऱ्या सत्राच्या नोंदीत लिहिलं, ‘निरीक्षण उत्तम.’ आणि आता वर्गात प्रश्न विचारला, की पहिल्या वर झालेल्या हाताकडे लगेच वळत नाही. थोडी थांबते. वाडीतल्या काकांसारखी! त्या मुलीचा हात अजून रोज वर होत नाही. पण परवा झाला होता, अर्धा.

आईबाबांनो, तुमचं मूल कमी बोलत असेल, तर ‘बोल की!’ म्हणण्याआधी ते कुठं बघतंय, तेवढं एकदा बघा.

आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ. रविवारी सकाळी झाडाखाली, गच्चीत किंवा खिडकीत दहा मिनिटं गप्प बसा. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते वहीत लिहा आणि मला पत्रानं कळवा. चिवड्याची पुडी मात्र नंतर फोडा हं!

तुमच्या बाई